दिवस गेलेत, ठेवायचे नाहीत : गोळ्या की सक्शन, आणि धोका नेमका कशात?

शेवंतीमाळ (धागाकर्ती)

फार्मसीच्या काउंटरवर गर्भपाताची किट मागायला येणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा एवढंच माहीत असतं, की पाकिटात पाच गोळ्या असतात. किती दिवस झाले, कुठली गोळी आधी, किती अंगावरून जाणं ठीक, कशाला घाबरायचं, यातलं काहीच नाही. आणि देणाराही पुष्कळदा विचारत नाही.

सहा-सात आठवड्यांच्या बाईला गोळ्या आणि सक्शन (नळीने ओढून गर्भपिशवी रिकामी करणं), दोन्ही वाटा खुल्या असतात. मग निवड कशावरून करायची? कोणी गोळ्यांच्या वाटेला जाऊच नये? आणि रात्री दोन वाजता काय दिसलं की गाडी काढायची?

एक विनंती. कोणाच्या घरात काय झालं ते इथे नको, गोवा लहान आहे. ज्यांना विषय नीट ठाऊक आहे त्यांनी मोजमापासकट लिहा. मराठीत ही माहिती एका जागी सापडत नाही.

कुळागर

आधी दिवस मोजायला शिकू या, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. गर्भाचं वय संबंधाच्या दिवसापासून मोजत नाहीत, पाळी चुकल्याच्या दिवसापासूनही नाही. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. शेवटची पाळी ३ ऑगस्टला आली असेल तर १४ सप्टेंबरला ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे पूर्ण. "पाळी चुकून महिना झाला" म्हणणारी बाई चार आठवड्यांची नसते, आठ आठवड्यांची असते. भारतात किटला ६३ दिवसांपर्यंत, म्हणजे नऊ आठवड्यांपर्यंत मान्यता आहे. ३ ऑगस्टवालीची ती मुदत ५ ऑक्टोबरला संपते.

त्यामुळे घरी टेस्टवर दोन रेघा दिसल्या की पहिलं काम कॅलेंडर. तारीख कागदावर लिहून डॉक्टरकडे न्या, तिथे घाबरून आठवत नाही.

वळेसार

पाळी अनियमित असेल तर? किंवा बाळ अंगावर पितंय आणि पाळी अजून आलेलीच नाही?

कुळागर

वळेसार, मग मोजणीवर भरवसा ठेवू नका, सोनोग्राफी करा. आणखी दोन फसव्या गोष्टी. गर्भ रुजताना काहींना थोडं डाग पडल्यासारखं जातं, ते पाळी समजलं जातं आणि हिशोब चार आठवड्यांनी मागे पडतो. दुसरं म्हणजे ७२ तासांत घ्यायची तातडीची गोळी घेतल्यावर येणारा रक्तस्राव. तो आला म्हणजे गर्भ राहिला नाही असं नव्हे. नेहमीपेक्षा कमी गेलं असेल तर तीन आठवड्यांनी टेस्ट कराच.

आणि ती तातडीची गोळी गर्भपाताची नाही. अंडं बाहेर पडणं ती लांबवते. दिवस गेल्यावर घेतली तर तिचा काही उपयोग नाही.

खलबत्ता

किटबद्दल सविस्तर लिहितो.

पाकिटात एक मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅम आणि चार मिसोप्रोस्टॉल, प्रत्येकी २०० मायक्रोग्रॅम. दोघींची कामं वेगळी. गर्भ धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनला मिफेप्रिस्टोन अडवते, त्यामुळे अस्तर सुटायला लागतं आणि पिशवीचं तोंड मऊ पडतं. मिसोप्रोस्टॉल पिशवीला आकुंचन पावायला लावते, कळा येतात आणि सगळं बाहेर पडतं.

पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन पाण्याबरोबर गिळायची. त्या दिवशी बहुतेकींना काहीच होत नाही. थोडं मळमळतं, काहींना डाग लागतो. इथे पहिली चूक होते : डाग दिसला की "झालं" समजून पुढच्या चार गोळ्या टाकून दिल्या जातात. तसं करायचं नाही. गोळी घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना फोन करा, ती पुन्हा घ्यावी लागू शकते.

२४ ते ४८ तासांनी चारही मिसोप्रोस्टॉल, म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम, एकदम. जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात, डॉक्टर सांगतील तसं. गालात म्हणजे दोन्ही बाजूंना हिरडी आणि गाल यांच्यामध्ये दोन-दोन. त्या चटकन विरघळत नाहीत. खडूच्या लगद्यासारख्या होतात, तोंड कोरडं पडतं. अर्धा तास तसंच ठेवायचं, मग उरलेलं पाण्याबरोबर गिळायचं. आधी एक घोट पाणी पिऊन तोंड ओलं केलेलं बरं. जिभेखाली ठेवल्यास परिणाम लवकर होतो, पण थंडी, ताप, जुलाब जास्त होतात. योनीमार्गात हा त्रास कमी.

दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पोटात थोडं अन्न असताना. कळा चढायच्या आधीच घेतली तर उपयोग होतो. नुसत्या पॅरासिटामॉलने या कळा आटोक्यात येत नाहीत. आयब्युप्रोफेनमुळे मिसोप्रोस्टॉलचा असर कमी होतो ही समजूत खोटी आहे. मात्र अल्सर किंवा दमा असेल तर आधी विचारा.

आता आपल्याकडची खास गोष्ट. मिसोप्रोस्टॉलला दमटपणा सोसत नाही. ती जाड अॅल्युमिनियमच्या पाकळीत बंद असते ते याचसाठी. पावसाळ्यात गोव्याच्या हवेत पाकळी फाटलेली, चिमटलेली किंवा आधीच उघडलेली गोळी काही दिवसांत कमजोर होते. मग कळा येतात, थोडं जातं आणि गर्भ तसाच राहतो. सुट्या गोळ्या कधी घेऊ नका. आयत्या वेळीच पाकळी फोडा.

आबोली३

खलबत्तादादा, कळा किती वेळ? आणि किती जातं?

खलबत्ता

मिसोप्रोस्टॉलनंतर बहुतेकींना एक ते सहा तासांत सुरू होतं. त्या काही तासांत पाळीपेक्षा बरंच जास्त जातं, लिंबाएवढ्या गाठीही पडतात. गर्भ पडून गेला की कळांचा जोर उतरतो. पुढे थोडं-थोडं नऊ ते सोळा दिवस जातं, काहींना महिनाभरही डाग लागतात. थंडी वाजून ताप येणं हा गोळीचाच परिणाम, पण तो एका दिवसात उतरायला हवा.

पांयवाट

मुळात या गोळ्या फार्मसीतून आणून घरी घेण्याला माझा विरोध आहे. कोणी तपासलेलं नाही, रक्तगट माहीत नाही, हिमोग्लोबिन माहीत नाही. कायद्यानेही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध देता येत नाही.

हळदवेल

पांयवाट, चिठ्ठी हवीच, याबद्दल दुमत नाही. पण "घरी" या शब्दाला घाबरू नका. डॉक्टरांनी तपासून दिल्यावर मिसोप्रोस्टॉल घरी घेणं सुरक्षित मानलं जातं. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं तर बारा आठवड्यांपर्यंत बाईने स्वतः गोळ्या घेणंही मान्य करतात, नीट माहिती आणि गरज पडल्यास इस्पितळ हाताशी असेल तर. धोका घरात नाही, आधी न तपासण्यात आहे. तपासायच्या गोष्टीही थोड्याच : दिवस किती, गर्भ पिशवीतच आहे ना, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि खालची यादी.

गोळ्या नको कोणाला : गर्भ पिशवीबाहेर, बीजवाहिनी नळीत असल्याची शंका असेल तर, कॉपर टी आत असेल तर (आधी ती काढायची), रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा रक्त न गोठण्याचा आजार असेल तर, बराच काळ स्टेरॉइड चालू असेल, अॅड्रिनल ग्रंथीचा जुना आजार असेल, पोर्फिरिया हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असेल तर, हिमोग्लोबिन ८ च्या खाली असेल तर. आणि जिला चौदा दिवसांनी परत तपासायला येणं शक्य नाही, किंवा काही झालं तर तासा-दीड तासात इस्पितळ गाठणं शक्य नाही, तिलाही मी सक्शनच सुचवेन.

सिझर झालेलं असेल तरी नऊ आठवड्यांच्या आत गोळ्या चालतात. हा प्रश्न नेहमी येतो म्हणून लिहिलं.

पांयवाट

हे पटलं. म्हणजे सोनोग्राफी सक्तीची करावी असंच तुम्हालाही वाटतं ना?

हळदवेल

नाही. कायद्यात ती सक्तीची नाही, आणि तारीख पक्की, पाळी नियमित, दुखत नाही अशा बाईला हातांनी तपासूनही पुरतं. सक्ती केली की एक खेप वाढते, पैसे वाढतात, दिवस पुढे सरकतात. पण तारखेची खात्री नसेल, पूर्वी नळीतला गर्भ राहिला असेल, नळीचं ऑपरेशन झालेलं असूनही दिवस गेले असतील, एका बाजूला दुखत असेल, तर सोनोग्राफीशिवाय गोळी नको.

एक अडचण सांगते. फार लवकर सोनोग्राफी केली तर पिशवी रिकामीच दिसते. योनीमार्गे केली तर साधारण पाच आठवड्यांना गर्भकोश दिसायला लागतो, ठोके सहाच्या आसपास. "काही दिसत नाही" याचा अर्थ "काही नाही" असा घेऊ नका. रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनची, म्हणजे बीटा एचसीजीची, तपासणी ४८ तासांच्या अंतराने दोनदा करतात, किंवा आठवड्याने पुन्हा सोनोग्राफी.

कुळागर

नळीतल्या गर्भावर जोर देऊन लिहायला हवं, कारण गोळ्यांच्या वाटेवर जीव जाऊ शकतो तो इथे.

शंभरात एक-दोन गर्भ पिशवीबाहेर, बहुधा नळीत, रुजतात. किटच्या गोळ्यांचा त्यावर परिणाम होत नाही. पण गोळ्यांमुळे पिशवीचं अस्तर सुटून रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं. तिकडे नळी ताणत राहते आणि एक दिवस फुटते. पोटात आतल्या आत रक्त साचतं, बाहेर फारसं काही दिसत नाही. खुणा : ओटीपोटाच्या एका बाजूला कापल्यासारखं दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं (आत साचलेलं रक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला लागतं म्हणून), डोळ्यांपुढे अंधारी, उभं राहिल्यावर भोवळ, घाम. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. वेळेत सापडला तर इंजेक्शनने किंवा दुर्बिणीच्या ऑपरेशनने सुटतं.

ओहोळ

आता सक्शनबद्दल कोणीतरी लिहा. "मशीन लावतात" एवढंच ऐकलंय.

तांबडीमाती

मशीनच हवी असं नाही. हाताने चालणाऱ्या पिचकारीला मॅन्युअल व्हॅक्युम अॅस्पिरेशन म्हणतात, बोलीत एमव्हीए. ६० मिलिलिटरची जाड सिरिंज, तिला झडप, पुढे प्लास्टिकची मऊ नळी. नळ्या ४ ते १२ मिलिमीटर जाडीच्या. ढोबळ हिशोब असा, की जेवढे आठवडे साधारण तेवढ्या मिलिमीटरची नळी. बारा आठवड्यांपर्यंत ही पद्धत चालते.

पायऱ्या : दोन-तीन तास आधी मिसोप्रोस्टॉल देऊन पिशवीचं तोंड मऊ करतात. प्रतिजैविकाचा एक डोस देतात. तोंडाच्या बाजूला लिग्नोकेनची इंजेक्शनं देऊन तो भाग बधिर करतात, पूर्ण भूल बहुतेकदा लागत नाही. तोंड हळूहळू नळीपुरतं उघडतात. नळी आत, झडप सोडली की पोकळीच्या ओढीने आतलं सिरिंजमध्ये येतं. नळी गोल फिरवत पुढे-मागे करतात. सगळं पाच ते दहा मिनिटांत. पिशवी रिकामी झाली की नळीत लालसर फेस येतो, भिंतीचा खरखरीत स्पर्श हाताला लागतो आणि पिशवी नळीला आवळून धरते. त्या क्षणी पोटात जोरात पिळवटतं. बाईला हे आधी सांगून ठेवलं तर ती घाबरत नाही.

नंतरची पायरी बाईला दिसत नाही, पण सगळ्यात मोलाची तीच. बाहेर आलेलं गाळणीत धुऊन काचेच्या ताटलीत पाण्यात पसरतात आणि खालून उजेड टाकतात. रक्ताची गाठ पाण्यात विरते. अस्तराचे तुकडे गुळगुळीत पापुद्र्यासारखे पडून राहतात. गर्भाचे तंतू मात्र शेवाळासारखे झुपकेदार, पांढुरके, पाण्यावर फुलून तरंगतात. ते दिसले म्हणजे गर्भ पिशवीतच होता आणि निघाला. दिसले नाहीत तर एक तर गर्भ आत राहिला, नाहीतर तो नळीत आहे. त्याच दिवशी पुढची तपासणी. गोळ्यांनी हा पुरावा हातात मिळत नाही, सक्शनचा हा मोठा फायदा.

काय बिघडतं : तुकडा राहणं, जंतुसंसर्ग, तोंडाला इजा, पिशवीला भोक पडणं. शेवटचं फार क्वचित, हजारात एखादीला, आणि गर्भ जितका मोठा तितका धोका जास्त. पिशवी मागे वळलेली असेल आणि डॉक्टरांनी आधी नीट तपासलं नसेल तर वाढतो. शंभरात अठ्ठ्याण्णवहून अधिक वेळा एकाच वेळेत काम पूर्ण होतं.

आबोली३

म्हणजे क्युरेटिंगच ना?

तांबडीमाती

नाही. बोलताना सगळे "क्युरेटिंग" म्हणतात, पण क्युरेटिंग म्हणजे धातूच्या धारदार चमच्याने पिशवी खरवडणं. त्यात दुखतं जास्त, रक्त जास्त जातं, अस्तर खोलवर खरवडलं गेलं तर पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटून पुढे पाळी कमी होणं किंवा दिवस न राहणं असा त्रास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे बंद करून सक्शन वापरा. तरी काही ठिकाणी अजून चालतं. डॉक्टरांना सरळ विचारा : "सक्शन करणार की खरवडणार?" हे विचारण्यात काही गैर नाही.

नितळ

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे. तरी मनापासून वाटतं ते लिहितो : जीव आहे तो. कोणी तरी त्या मुलीला "ठेव, आम्ही आहोत" असंही म्हणायला हवं.

हळदवेल

नितळदादा, तुमची कळकळ समजते. ते म्हणणारं कोणी तिला हवं असेल तर जरूर असावं. ठेवायचं आणि वाढवायचं नाही अशीही वाट आहे : जन्मानंतर बाळ बालकल्याण समितीकडे सोपवता येतं आणि पुढे ६० दिवस तिला विचार बदलता येतो. समुपदेशनात या तिन्ही वाटा सांगायच्या असतात. पण नऊ महिने तिच्या अंगावर जाणार आहेत, म्हणून शेवटचा शब्द तिचा. समजावण्यात दोन आठवडे गेले तर ती गोळ्यांच्या मुदतीतून बाहेर पडते आणि धोका वाढतो, हेही लक्षात ठेवू या.

नितळ

हे शेवटचं वाक्य माझ्या लक्षात आलं नव्हतं. मान्य.

सनदवाला

कायदा लिहितो. वैद्यकीय गर्भपात कायदा १९७१ चा, मोठी दुरुस्ती २०२१ ची, २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू.

२० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं, आणि ठरावीक परिस्थितीत : बलात्कार, अल्पवयीन मुलगी, गरोदरपणातच विधवा होणं किंवा घटस्फोट, अपंगत्व, गर्भातलं गंभीर व्यंग वगैरे. २४ नंतर फक्त गर्भात मोठं व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने; मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचं असतं. आईचा जीव वाचवायला तातडीने करावा लागला तर ही मुदत आड येत नाही.

गर्भनिरोधक फसलं हे कारण पूर्वी फक्त "विवाहित स्त्री व तिचा पती" यांना होतं. आता "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे शब्द आहेत. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांतही अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही असा निकाल दिला. नवऱ्याने केलेली जबरदस्तीही या कायद्यापुरती बलात्कारात धरली.

सही कोणाची? १८ पूर्ण असेल तर फक्त तिची. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईची नाही. १८ च्या आत असेल किंवा मानसिक आजार असेल तर पालकाची लेखी संमती.

वळेसार

गोव्यातला प्रश्न. रजिस्ट्रारकडे सह्या झाल्या आहेत, देवाब्राह्मणांसमोर लग्न डिसेंबरात. अशा मुलींना "लग्नाचा दाखला आणा" म्हणतात.

सनदवाला

दाखला मागायचं कारणच नाही. सह्या झाल्या असोत, नसोत, लग्न होवो न होवो, या कायद्यात तिची संमती आणि दिवस एवढंच लागतं. वयाचा पुरावा मागितला तर द्या.

गुप्ततेचंही इथेच लिहितो, कारण आपल्याकडे इस्पितळात कोणी ना कोणी ओळखीचं निघतंच. डॉक्टरने तिचं नाव कायद्याने परवानगी असलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला सांगितलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. संमतीचा कागद सीलबंद पाकिटात ठेवायचा असतो, त्यावर "गुप्त" असं लिहायचं असतं. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पण मुलीने आणि पालकाने विनंती केली तर तिची ओळख न देता कळवता येतं, तेही त्याच २०२२ च्या निकालात आहे.

जागा : सरकारी इस्पितळं कायद्यानेच मान्य. बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), म्हापशाचं आझिलो आणि मडगावचं जिल्हा इस्पितळ, ज्याला आपण अजून हॉस्पिसियो म्हणतो, तिन्ही सरकारी. खाजगी ठिकाणी मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसेल असं लावलेलं हवं. ते नसेल तर सक्शनसाठी तिथे थांबू नका.

ओहोळ

पपई, अननस, तीळ-गूळ?

कुळागर

खाण्याने गर्भ पडत नाही, वेळ जातो. खरी भीती पुढच्या उपायांची : झाडाची काडी किंवा मूळ आत घालणं, पोटावर दाब देणं, "पाळी आणायच्या" हार्मोनच्या गोळ्यांचे कोर्स. काडीने भोक पडतं, धनुर्वात आणि रक्तात पू होतो, पिशवी काढायची वेळ येते. असं काही केलं असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. काय घातलं, कधी घातलं, हे कळलं की उपचार बदलतात.

शेवंतीमाळ

माझा रात्री दोनचा प्रश्न राहिलाच. कोणीतरी एका जागी लिहा.

हळदवेल

लिहिते. पॅड वापरा, कप नको, कारण मोजायचं आहे.

लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले : निघा. मिसोप्रोस्टॉल घेऊन २४ तास झाले आणि काहीच गेलं नाही : त्याच दिवशी डॉक्टर, कारण गर्भ नळीत असू शकतो किंवा तसाच वाढत असू शकतो. २४ तासांनंतरही १००.४ च्या वर ताप, घाण वासाचा स्राव, किंवा ताप नसतानाही सलग उलट्या-जुलाब आणि गळून गेल्यासारखं वाटणं : संसर्ग धरून चाला. गोळीने न थांबणारं दुखणं, भोवळ : वर कुळागरताईंनी लिहिलंय तेच, १०८.

मिसोप्रोस्टॉल घ्यायची वेळ स्वतः निवडता येते, तर सकाळी घ्या. जोराचं सगळं दिवसाउजेडी होऊन जातं. घरात एक माणूस हवं आणि गाडी ठरलेली हवी. काणकोण किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून पावसाच्या रात्री वाहन मिळवणं हा खरा प्रश्न आहे. त्या दोन दिवसांपुरतं मडगाव-म्हापशाकडे नातेवाइकांकडे राहिलात तरी चालेल.

पांयवाट

रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागतंच ना?

तांबडीमाती

यात मतभेद आहे. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना बारा आठवड्यांच्या आत ते इंजेक्शन, म्हणजे अँटी-डी, नको म्हणते. आपल्याकडे अनेक डॉक्टर अजून देतात, त्यात तोटा नाही. बारा आठवड्यांनंतर मात्र ७२ तासांच्या आत घ्यायलाच हवं, नाहीतर पुढच्या बाळाला त्रास. म्हणून रक्तगटाचा कागद बरोबर न्या.

बारा आठवड्यांनंतरचं एवढंच सांगतो : तेव्हा गोळ्या घरी नाहीत. इस्पितळात भरती होऊन, ठरावीक तासांनी डोस देत, रक्ताची सोय ठेवून. आधी सिझर झालं असेल तर पिशवी फाटण्याचा धोका म्हणून डोस जपून देतात. फार्मसीची किट चौदाव्या आठवड्यात घेतली की रक्तस्राव आवरत नाही, वार आत अडकते.

आबोली३

मिफेप्रिस्टोन घेतली आणि मन बदललं तर?

खलबत्ता

मिसोप्रोस्टॉल घेऊ नका आणि ताबडतोब डॉक्टरांना भेटा. नुसत्या पहिल्या गोळीने गर्भ पडेलच असं नाही. पण मिसोप्रोस्टॉल घेऊनही गर्भ टिकला, तर बाळाच्या हातापायांत आणि चेहऱ्याच्या नसांत व्यंग येऊ शकतं. म्हणून गोळ्या फसल्या तर सक्शनने पूर्ण करण्याचा सल्ला देतात. गोळ्या सुरू करतानाच सक्शनलाही तयार असायला हवं, ते यामुळे.

कुळागर

पुढे मूल होणार नाही ही भीती सगळ्यांत जास्त असते. नीट पार पडलेल्या गर्भपाताने, गोळ्यांनी किंवा सक्शनने, वंध्यत्व येत नाही. संसर्ग अंगावर काढला तर नळ्या बंद होतात, धोका तो. उलट दिवस फार लवकर राहू शकतात : आठव्या-दहाव्या दिवशीही अंडं सुटतं, पाळीची वाट बघत नाही. सक्शननंतर त्याच टेबलावर कॉपर टी बसवता येते. गोळ्या घेतल्या असतील तर पूर्ण झाल्याची खात्री पटल्यावर कॉपर टी. गर्भनिरोधक गोळ्या मिसोप्रोस्टॉलच्या दिवसापासून चालतात. सरकारी केंद्रात अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या फुकट मिळतात.

हळदवेल

शेवंती, तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे वळते. सहा-सात आठवडे, दोन्ही वाटा खुल्या, तर कशावरून ठरवायचं?

गोळ्या शंभरात ९५ ते ९८ जणींना पुरतात. उरलेल्यांपैकी बहुतेकींचा तुकडा राहतो आणि सक्शन लागतं. शंभरातल्या साधारण एकीचा गर्भ वाढतच राहतो. आत काही घालावं लागत नाही, आपल्या खोलीत, आपल्या बाथरूममध्ये होतं, पण एक दिवस कळांचा आणि पुढचे दोन आठवडे अंगावरून जाण्याचे. सक्शन एका खेपेत संपतं, रक्त कमी जातं, त्याच दिवशी घरी, पण तपासणीच्या टेबलावर झोपावं लागतं आणि इस्पितळात नाव लागतं.

मग मी तिला विचारेन : घरात चार-पाच तास दार लावून राहता येईल का? बरोबर कोण असेल? पंधराव्या दिवशी सुट्टी मिळेल का? हॉटेलात शिफ्टमध्ये काम करणारी, किंवा चौघींबरोबर एका खोलीत राहणारी मुलगी गोळ्या मागत असली तरी हे प्रश्न ऐकल्यावर पुष्कळदा सक्शन निवडते. आणि ज्यांना आत कोणी हात लावणं सहनच होत नाही, त्या कळा सोसूनही गोळ्या निवडतात. दोन्ही बरोबर.

वळेसार

पंधराव्या दिवशी टेस्टवर पुन्हा दोन रेघा आल्या तर?

हळदवेल

नुसत्या टेस्टवर जाऊ नका. लघवीतला हार्मोन ओसरायला चार आठवडेही लागतात, तोवर रेघ येऊ शकते. पंधराव्या दिवशी मळमळ, छाती दुखणं गेलं का, अंगावरून पुरेसं गेलं होतं का, हे पाहून डॉक्टर तपासतात, शंका असेल तर सोनोग्राफी. आणि सोनोग्राफीत थोडी गाठ दिसली म्हणून लगेच पिशवी साफ करायची घाई नको. रक्तस्राव बेताचा असेल तर ती आपली आपण पडते.

शेवंतीमाळ

सगळ्यांचे आभार. काउंटरवर ठेवण्यासाठी यातलं एक पान मराठीत आणि एक कोंकणीत करते आहे. वरची धोक्याची खूण, "दोन तास, तासाला दोन पॅड", सगळ्यांत आधी. त्याखाली १०८.

कुळागर

त्या पानावर ६३ दिवस लिहिशील तिथे "शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून" हे शब्द जाड ठशात घाल.

शेवंतीमाळ

घातले. शेजारी ३ ऑगस्टचं उदाहरणही.